चिपवरचा न्यूरॉन कसा घडतो

[स्कोपची, म्हणजे व्होल्टेजची रेघ दाखवणाऱ्या यंत्राची, स्क्रीन, अगदी जवळून]

ही रेघ हळूहळू वर चढतेय ना, तिच्याकडे बघत राहा. चढली, चढली, आणि एकदम उसळून खाली. परत पहिल्यापासून. आपल्या डोक्यात साधारण 8600 कोटी न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, आहेत आणि त्यांचं आपापसातलं बोलणं मुख्यतः असल्याच उसळ्यांतून चालतं, याला स्पाइक म्हणतात. ही स्पाइक मात्र टेबलावरच्या चिपमधून येतेय, आणि ती कुठल्या प्रोग्रॅमने काढून दाखवलेली नाहीये, सर्किटच तसं वागतंय.

[लेआउट, रंगीत पट्ट्या]

हे त्या सर्किटचं लेआउट, म्हणजे चिपवर काय कुठे बसणार त्याचा नकाशा. मधला मोठा चौकोन म्हणजे कपॅसिटर, चार्ज साठवणारा भाग, एक पिकोफॅरडचा, बाजू साधारण 30 मायक्रॉन, आणि कडेच्या बारीक पट्ट्या ते ट्रान्झिस्टर, करंट कमीजास्त करणारे स्विच. सगळ्यात जास्त जागा हा कपॅसिटरच खातो. तळाला भोक पडलेली बादली नळाखाली ठेवावी तसं आहे हे, वरून करंट येतो, खालून थोडा गळतो, व्होल्टेज ठरलेल्या पातळीला पोचलं की पुढचे दोन इन्व्हर्टर (घरातले नव्हेत, सिग्नल उलटा करणारी छोटी सर्किटं) पलटतात, स्पाइक बाहेर पडते आणि एक ट्रान्झिस्टर सगळं रिकामं करून टाकतो. कागदावर हे इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरचं पोरगंसुद्धा काढेल.

गोची आहे ती गळतीत. खरा न्यूरॉन मिलिसेकंदांत चालतो, चिपच्या हिशेबाने फारच सावकाश. एवढ्याशा कपॅसिटरवर 20 मिलिसेकंद काढायचे तर गळणारा करंट एक-दोन पिकोअँपिअर हवा, म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग वगैरे. त्यासाठी ट्रान्झिस्टर पूर्ण चालूच करायचा नाही, थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो ज्या व्होल्टेजला चालू होतो त्याच्या, खाली ठेवायचा. डिजिटलवाले, म्हणजे फक्त 0 आणि 1 वर चालणाऱ्या चिप बनवणारे, ह्याच करंटला लीकेज म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. 1980च्या दशकात अमेरिकेत, कॅलटेक विद्यापीठात, कार्व्हर मीड यांनी नेमका तोच हाताशी धरला, कारण त्यांच्या लक्षात आलं की इथे गेटचं, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाचं, व्होल्टेज जरासं वाढवलं की करंट पटीपटीने वाढतो, आणि न्यूरॉनच्या पडद्यातली आयन आत-बाहेर सोडणारी दारं, म्हणजे आयन चॅनेल, तीही व्होल्टेजला असाच प्रतिसाद देतात. कॉम्प्युटरला जे आकडेमोड करून काढावं लागतं ते इथे ट्रान्झिस्टर फुकटात करून देतो. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच, बाकीचं नंतरचं.

[मायक्रोस्कोपखाली उघडी चिप, सोन्याच्या बारीक तारा]

लेआउटची फाइल फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, गेली, काही महिन्यांनी चिप आली. आता गंमत बघा. झाकण काढलेलं आहे आणि मायक्रोस्कोपचा दिवा लावला. स्कोपवर स्पाइक्सचा वेग लगेच बदलला! दिवा बंद, परत पहिल्यासारखं. प्रकाश पडला की सिलिकॉनच्या जंक्शनमध्ये थोडा करंट तयार होतो, आणि जिथे पिकोअँपिअरचा संसार आहे तिथे तेवढाही खूप झाला. म्हणून टेस्टिंगच्या वेळी ही चिप डिझाइन करणारे लोक वर काळी टेप चिकटवतात.

ह्याच गुणाचा उपयोग मिशा माहोवाल्ड यांनी करून घेतला. शिक्षण बायॉलॉजीचं, मीड यांच्याकडे आल्या आणि डोळ्याच्या पडद्यासारखी चालणारी चिप बनवली, सिलिकॉन रेटिना. मे 1991च्या सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठावर त्या चिपला दिसलेली मांजर आहे. न्यूरॉनला न्यूरॉन तारेने जोडत बसलो तर चिपवर तारांनाच जागा पुरायची नाही, त्यावरही त्यांनी काम केलं, प्रत्येक न्यूरॉनला एक पत्ता द्यायचा आणि स्पाइक आली की एका सामायिक वाटेवरून फक्त तो पत्ता पाठवायचा, वाट इतकी फास्ट असते की हजारो न्यूरॉन एकाच वाटेवर सुखाने नांदतात. आजही ही पद्धत वापरात आहे. 1996 मध्ये, 33व्या वर्षी, त्या गेल्या.

[स्क्रीनवर ठिपक्यांच्या ओळी]

प्रत्येक ओळ म्हणजे एक न्यूरॉन, प्रत्येक ठिपका म्हणजे स्पाइक. सगळ्यांना इनपुट एकच दिलंय, डिझाइनही तेच, कॉपी-पेस्ट केलेलं. तरी ही वरची ओळ गच्च भरलीय, ती मधली जेमतेम, आणि खालची एक तर गप्पच आहे. याला मिसमॅच म्हणतात. दोन ट्रान्झिस्टर कितीही सारखे काढले तरी थ्रेशोल्डमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतोच, आणि तो फरक करंटमध्ये पटीने फुगतो. मेंदूतले न्यूरॉनही कुठे एकसारखे असतात म्हणा, पण इंजिनिअरला ते सांगून चालत नाही.

या कटकटीमुळे मोठ्या कंपन्या डिजिटलकडे वळल्या. 2014 ची आयबीएमची ट्रूनॉर्थ चिप, 540 कोटी ट्रान्झिस्टर, 10 लाख न्यूरॉन, आणि वीज फक्त 70 मिलिवॅटच्या आसपास. त्या प्रोजेक्टचे प्रमुख धर्मेंद्र मोधा हे आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. इंटेलची 2017 ची लोइही पण डिजिटलच. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण तिथे न्यूरॉन हा शेवटी मोजलेला आकडा असतो. स्टॅनफर्डच्या क्वाबेना बोआहेन यांनी न्यूरोग्रिडमध्ये 16 चिप जोडून 10 लाख न्यूरॉन चालवले, ते ॲनालॉग, म्हणजे आकडा न मोजता सर्किटच न्यूरॉनसारखं वागणारे. म्हणजे होत नाही असं नाही, चिकाटी लागते आणि हाताने लेआउट काढणारी माणसं लागतात, आणि ती माणसं आता कमी होत चाललीत.

अशा चिपमुळे वीज वाचेल, ड्रोन, श्रवणयंत्रं, छोटे कॅमेरे यांत बरंच काही होऊ शकतं, डेटा सेंटरची बिलं आपल्याला माहीतच आहेत.

[परत लेआउट, माउस फिरतोय]

पुढच्या चिपचं काम सुरू झालंय. मिसमॅच कमी करायला ट्रान्झिस्टर मोठे केलेत, हे बघा, रुंदी आणि लांबी दोन्ही. साहजिकच तेवढ्याच जागेत न्यूरॉन कमी बसतील. चालेल म्हणतायत डिझाइन करणारे, निदान ती गप्प बसलेली ओळ तरी बोलेल.