पान सांगतं, बिघाड कुठे आहे

(दृश्य: जेल रोड, पाऊस, दुकानातलं टेबल)

इंदूरचा जेल रोड. बाहेर श्रावणातली सर, आत टेबलावर रामबागेतल्या एका गणेशोत्सव मंडळाचा लेझर प्रिंटर. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आहेत आणि पानापानावर काळे ठिपके येताहेत. ‘दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या,’ हा सल्ला मंडळाला आधीच मिळालाय.

दुकानातले काका प्रिंटरला हात लावत नाहीत. आधी खराब निघालेलं पान मागतात.

(दृश्य: पानावर ठेवलेली पट्टी)

एका ठिपक्यापासून खालच्या ठिपक्यापर्यंत ७५ मिलिमीटर. त्याच्या खाली पुन्हा तेवढंच अंतर. अशा छोट्या प्रिंटरमधल्या ड्रमचा, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्याचा, व्यास साधारण २४ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचा एक फेरा ७५चा. दर फेऱ्याला डाग उमटतोय, तेव्हा ओरखडा ड्रमवरच.

हा बघा तो, हिरवट चकाकणारा. आधी त्याच्यावर विद्युतभार चढतो. लेझरचा प्रकाश जिथे पडतो तिथला भार उतरतो, टोनरची भुकटी नेमकी तिथे चिकटते आणि मग कागदावर जाते. या विद्येचं मूळ २२ ऑक्टोबर १९३८चं. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून भारित केली, काचेवर लिहिलेली अक्षरं प्रकाशाने तिच्यावर उतरवली, वर भुकटी भुरभुरली आणि मेणकागदावर तो ठसा घेतला. भार, प्रकाश, भुकटी, कागद, उष्णता: क्रम आजही तोच आहे. म्हणून तर साखळीतली कोणती कडी तुटली, ते शोधता येतं.

(दृश्य: दुसरा प्रिंटर, बोटाने पुसली जाणारी अक्षरं)

या प्रिंटरची अक्षरं बोटाला लागतात. काका छपाई सुरू करतात आणि पान अर्ध्यावर असतानाच दार उघडतात. प्लग काढून कागद अलगद बाहेर. अक्षरं ठसठशीत आहेत, पण भुकटी अजून सुटी. म्हणजे इथवर सगळं ठीक. दोष पुढे, फ्यूझरमध्ये. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून टोनरमधलं प्लास्टिक वितळवायचं आणि कागदात बसवायचं, हे त्याचं काम. म्हणूनच तो थंड होईपर्यंत आत बोट घालायचं नाही. उघडल्यावर दिसतं: त्याचं टेफ्लॉनचं आवरण फाटलंय. तेवढंच बदलायचं. एवढ्यासाठी अख्खं यंत्र मोडीत काढणं हा शुद्ध अन्याय आहे.

कागद ओढत नसेल, तर हा रबरी रोलर बघा. घासून गुळगुळीत झालाय. ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसला की बहुतेकदा पकड परत येते. आणि हुकूम देऊनही प्रिंटर ढिम्म असेल, तर संगणकावरची प्रिंट स्पूलर सेवा (छपाईची कामं रांगेत लावणारी) थांबवून अडकलेली कामं काढून टाका, मग सेवा पुन्हा सुरू करा.

(दृश्य: नवा ड्रम बसवताना, स्वच्छ पान)

मंडळाच्या प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे टोनरच्या डब्यात, नवा ड्रम बसला. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात, तेव्हा जुना ड्रम घरच्या कचऱ्यात जात नाही.

मंडळाचा मुलगा प्रिंटर उचलतो. काका त्याला बजावतात, “अरे, कागदाचं रीम उघडं टाकू नकोस. पिशवीत गुंडाळून ठेव. पावसाळ्यात कागद दमट झाला की वाकतो, आणि मग आत अडकतो.”