खराटा आणि प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. मी प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज तुमच्याशी बोलायचंय ते शाळकरी मुलांच्या श्रमदानाबद्दल.

२ ऑक्टोबरला तुमच्याही गावात प्रभातफेरी निघत असेल. मुलं घोषणा देतात, चावडीपुढची जागा झाडतात, फोटो निघतो, खाऊ मिळतो आणि सगळे घरी जातात. मीही कित्येक वर्षं हेच करून घेतलं. एकदा झाडता झाडता तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, हा कचरा परत परत इथंच का येतो?" मी म्हणाले, "आधी हातातलं काम संपव." ते माझं उत्तर मला आजही बोचतं.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारायचे. आम्ही शाळांनी त्यांचा खराटा तेवढा उचलला. प्रश्न तिथंच राहिला.

पुढच्या वर्षी मी चौथीच्या मुलांना एवढंच सांगितलं, की गावात तुम्हाला खटकणारी एक गोष्ट शोधा. त्यांनी शाळेजवळचं नळकोंडाळं शोधलं. एका नळाची तोटी गेली होती. कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकलेली, तिच्या कडेनं रात्रंदिवस पाणी गळायचं. मुलांनी लिटरची बाटली खाली धरली आणि घड्याळ लावलं. चार मिनिटांत भरली. तासाला १५ लिटर, दिवसाला ३६०. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोजचं पाणी ५५ लिटर धरलंय, ते मी सांगितलं. मग फळ्यावर भागाकार झाला, भाग सहा, बाकी ३०. एक मुलगी उठून उभी राहिली. "बाई, आमच्या घरात सहाच माणसं आहेत!"

अर्ज मुलांनीच लिहिला. विषय : गळक्या नळाला तोटी बसवण्याबाबत. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या. काहींची ती आयुष्यातली पहिली सही होती. पाच जण ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, अर्ज ठेवून घेतला, पाठीवर थाप मारली, मुलं उड्या मारत परत आली. मी विचारलं, "पोच कुठंय?" शाबासकी म्हणजे पोच नव्हे, हे समजवायला मला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन आली.

आठवडा गेला, दुसरा गेला. नळ गळतच होता. बाजारातून तोटी आणून बसवून टाकावी, असं मला रोज वाटायचं. पण मग मुलं एवढंच शिकली असती की बाईंनी केलं. मी हात आवरला आणि त्यांना स्मरणपत्र कसं लिहायचं ते शिकवलं. मतदानाला वयाची १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, पण गावाच्या कारभाऱ्यांना अर्ज लिहायला चौथीतलं मराठी पुरतं. स्मरणपत्रानंतर चार दिवसांनी तोटी बसली. त्या दिवशी मुलांनी तो नळ किती वेळा उघडला आणि बंद केला, ते मोजायला हवं होतं.

शिक्षक बंधु-भगिनींना एक कळकळीनं सांगते. श्रमदानात झाडू कोणाच्या हातात जातो, तिकडे लक्ष ठेवा. झाडायला मुली आणि टेबलं मांडायला मुलगे, असं आपोआप होतं. घाण उचलायचं काम ठरावीक घरांतल्याच मुलांकडे जात असेल, तर ती समाजसेवा नाही, जुनाच अन्याय आहे. वर्गात पाळ्या लावा, यादी भिंतीवर चिकटवा आणि पहिली पाळी स्वतःची ठेवा. शिक्षा म्हणून तर झाडू कधीच देऊ नका.

आईवडिलांनाही विनंती आहे. मूल असा अर्ज घेऊन निघालं, तर "तुला काय करायच्यात गावच्या उठाठेवी" असं म्हणू नका. सोबत जा, पण बोलू त्यालाच द्या.

आमच्या त्या नळकोंडाळ्याचा दुसरा नळ दिवाळीनंतर गळायला लागला. मला ते कळलं, तेव्हा मुलं शिक्का मारलेली पोच दाखवायला आली होती.

नमस्कार.