शितावरून भाताची परीक्षा

मंडळी, सुरुवात तीन मुलांच्या गुणांपासून करू. समजा, उत्तीर्ण होण्याची रेषा 40 गुणांवर आहे. वर्षाच्या सुरुवातीला एका मुलाला 38 गुण आहेत, एका मुलीला 12, तिसऱ्याला 85. वर्षअखेरीला पहिला 41 वर गेला, मुलगी 34 वर आली आणि तिसरा होता तिथेच राहिला. सगळ्यांत जास्त कोण शिकलं? अर्थातच ती मुलगी. पण शाळेचं मोल 'किती टक्के मुलं उत्तीर्ण' एवढ्यावरच ठरत असेल, तर शाळेच्या खात्यात जमा होतात ते पहिल्या मुलाचे 3 गुण. मुलीने कमावलेले 22 गुण हिशेबात धरलेच जात नाहीत.

आता त्या वर्गाच्या बाईंच्या जागी उभं राहून पाहा. निकाल घसरला तर शाळेवर कारवाई, आणि जादा तास घ्यायला आठवड्यात दोनच दिवस. त्या कुणाला बसवून घेतील? 38 वाल्याला. टेक्सासमधल्या एका प्राथमिक शाळेत नेमकं हेच चालत असल्याचं 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. तिथे मुलांचे तीन गट पाडले होते: आपसूक पास होणारी, रेषेच्या काठावरची, आणि ज्यांच्यावर वेळ घालवून उपयोग नाही अशी. तिसरा गट ऐकताना माझ्या पोटात तुटतं. शिक्षक दुष्ट होते म्हणून हे घडलं असं मी मुळीच म्हणणार नाही. नियमच तसा होता.

तो नियम वाईट हेतूने आला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत जानेवारी 2002 मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा झाला. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी, आणि 2014 पर्यंत झाडून सगळी मुलं अपेक्षित पातळीवर, असं त्याचं उद्दिष्ट. त्यातली एक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. गरीब, कृष्णवर्णीय, अपंग मुलांचे निकाल वेगळे जाहीर करणं बंधनकारक झालं. त्याआधी शाळेच्या सरासरीआड ही मुलं दिसतच नव्हती. घोडं अडलं ते पुढे, त्याच आकड्याला शिक्षा जोडल्यावर. 2015 च्या नव्या कायद्याने चाचण्या ठेवल्या, कारवाईचे बरेचसे अधिकार मात्र राज्यांकडे दिले.

हा धडा इंग्लंडने फार आधी गिरवला होता. 1862 पासून तिथे शाळांचं अनुदान निकालावर ठरू लागलं. तपासनीस यायचा, एकेका मुलाला वाचन, लेखन, गणित विचारायचा, आणि मूल एका विषयात नापास झालं की अनुदानातून 2 शिलिंग 8 पेन्स कापले जायचे. मग शाळांनी काय करावं? वाचनाचं पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावं! कवी मॅथ्यू अरनॉल्ड स्वतः शाळातपासनीस होते. मुलांना खरोखर वाचता न येताही वाचनाच्या परीक्षेत पास करता येतं, असं त्यांनी सरकारी अहवालातच लिहून ठेवलं. तरी ही पद्धत मोडीत निघायला जवळपास तीन दशकं लागली.

पुढची पायरी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात दिसली. तिथल्या 2009 च्या उत्तरपत्रिकांत खाडाखोड फार होती, आणि चुकीचं उत्तर पुसून बरोबर केल्याच्या जागा योगायोग म्हणून सोडून देण्याइतक्या थोड्या नव्हत्या. 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळांमधले 178 शिक्षक आणि मुख्याध्यापक गैरप्रकारात गुंतल्याचं नमूद झालं. त्या मुलांना वाचता येत नव्हतं हे कागदावर कुठेच उरलं नाही. त्यामुळे त्यांना मदतही मिळाली नाही.

मग चाचण्या बंद करायच्या का? नाही. आपली भाषाच वाट दाखवते: शितावरून भाताची परीक्षा. सगळा भात चिवडावा लागत नाही. अमेरिकेतच 1969 पासून एक राष्ट्रीय पाहणी अशी चालते. मोजक्या शाळांतली मोजकी मुलं निवडतात, प्रत्येकाला प्रश्नसंचाचा थोडाच भाग देतात, आणि कुणा मुलाचा किंवा शाळेचा निकाल लावतच नाहीत. देशभरातली मुलं कुठे आहेत ते कळतं, आणि घोकून घेण्यात कुणाचाच फायदा नसतो. व्यवस्थेची प्रकृती पाहायला एवढं पुरेसं आहे.

शाळेला जाब विचारायचा तर माणसं पाठवा. जाणत्या शिक्षकांनी तीन-चार दिवस वर्गात बसावं, वह्या चाळाव्यात, मुलांशी बोलावं. खर्च येईल. तो करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मुलाची चाचणी त्याच्या बाईंच्याच हाती राहू द्या. छोटी, वरचेवर होणारी, दुसऱ्या दिवशी निकाल देणारी. वर्षअखेरीच्या मोठ्या चाचणीचा निकाल येतो तेव्हा मूल पुढच्या वर्गात गेलेलं असतं. त्या 12 गुणांच्या मुलीला हातच्याची वजाबाकी जमत नाही की शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, हे बाईंना आज कळलं, तर उद्याच्या तासाला तिच्या शेजारी बसून नेमकं काय घ्यायचं ते त्यांना ठरवता येईल.