बीटा पेशी परत मिळतील का?

(दृश्य: वेंगुर्ला बंदर, भर पावसाळा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या.)

पावसाळ्यात इथल्या विजेचा भरवसा नाही. ज्या घरात टाइप १ मधुमेहाचं मूल आहे, तिथे दिवे गेले की आधी आठवतं ते फ्रिजमधलं इन्सुलिन. मग मासळीसाठी आणलेल्या बर्फातला थोडा थर्मासमध्ये जातो, मध्ये जाड फडकं. कारण इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं. जेवणाआधी आजीचा आवाज येतो, "आदी सुय घे गो, मगे जेव."

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उठते.

गेलेल्या पेशींच्या जागी नव्या घालता येतात, हे २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये दिसलं. मृत दात्यांच्या पेशी मिळालेल्या सातही रुग्णांचं इन्सुलिन सुटलं. मोठी अडचण ही: एका रुग्णाला दोन-दोन दाते लागत. एवढे दाते आणायचे कुठून?

उत्तर मूलपेशींत होतं, म्हणजे ज्यांतून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात त्या स्टेम सेलमध्ये. तेव्हा अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात असलेले शास्त्रज्ञ डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना हाच आजार. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने मूलपेशींना टप्प्याटप्प्याने वळण देत कोट्यवधी बीटा पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. त्याच वाटेवरचं औषध म्हणजे झिमिसलेसेल. या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडतात आणि त्या यकृतातच वस्ती करून इन्सुलिन बनवू लागतात. २०२५ मध्ये त्याच्या चाचणीचे निकाल आले: पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं.

पण नव्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात. चाचणीतला एक रुग्ण मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने दगावला. दहा वर्षांच्या मुलीची सुई सोडवून तिला या गोळ्यांवर ठेवावं का? आमच्या मते, आज तरी नाही. ही चाचणीही साखर अचानक धोकादायक उतरणाऱ्या प्रौढांवरच झाली. प्रतिकारशक्तीला ओळखूच येणार नाहीत अशा पेशी घडवण्याची खटपट सध्या चालू आहे, आणि खरी आशा तिथेच आहे.

मोबाइलवर मात्र 'स्टेम सेलने मधुमेह मुळासकट बरा' अशा जाहिराती आत्ताच फिरतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहावर हा उपचार विकता येत नाही; तो फक्त मंजूर चाचणीत देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पॅकेजचा दर सांगू लागला, तर आंब्याची बाग गहाण टाकण्याआधी त्याच्याकडे चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.