वायुवाहिनीच्या वाटेत सापडलेला संसार

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला मिलफर्ड हेवन हे बंदर आहे. जहाजांनी येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू इथे उतरतो. तो पुढे नेण्यासाठी इंग्लंडमधल्या टर्लीपर्यंत सुमारे ३१७ किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. काम चाललं २००५ ते २००७ या काळात.

वाहिनी टाकण्याआधी वरची माती काढावी लागते. पोकलेनला दाते नसलेलं बकेट लावून हा थर हळूहळू खरवडतात. मागोमाग पुरातत्त्वज्ञ चालत असतात, नजर जमिनीवर. पिवळसर मातीत वीतभर काळा गोल दिसला की यंत्र थांबतं. तिथे कधीकाळी लाकडी खांब रोवलेला असू शकतो. असे खळगे रिंगणात मिळाले, तर बहुधा घरच.

अशा वाहिन्यांचा मार्ग ठरवताना माहितीतली प्राचीन स्थळं शक्यतो टाळली जातात. म्हणून जे हाती लागतं, ते कुणाच्याच नोंदीत नसलेलं, साध्या शेतकरी कुटुंबांचं असतं. या खोदकामांचं खरं मोल आम्हाला इथेच वाटतं. सरदारांची थडगी शोधायला लोक मुद्दाम जातात. ओढ्याकाठची चूल शोधायला कोण जाणार?

आणि इथे ओढ्याकाठीच ठिकठिकाणी जळक्या दगडांचे ढीग निघाले. असे ढीग बहुतेक कांस्ययुगातले, म्हणजे लोखंडाआधी कांशाची हत्यारं वापरली जात त्या काळातले असतात. शेजारी जमिनीत खणलेली डोणी. दगड विस्तवात तापवायचे, डोणीतल्या पाण्यात सोडायचे, की पाणी उकळू लागतं. तडकलेले दगड बाजूला फेकायचे. १९५०च्या दशकात आयर्लंडमध्ये हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा अर्ध्या तासाच्या आसपास पाण्याला उकळी आली आणि त्यात मटण छान शिजलं. तरी अशा जागी हाडं फारशी मिळत नाहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, इथे अंघोळ होत असेल, लोकर धूत असतील, कातडी कमावत असतील.

काळ ठरवायला मदत करतं ते नखाएवढं टरफल. खड्ड्यातली माती पाण्यात कालवली की जळके कण वर तरंगतात. चाळणीत हेझलनट या कठीण कवचाच्या फळाचं करपलेलं टरफल आलं, तर कार्बन कालमापनासाठी, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढण्यासाठी, ते उत्तम. कारण फळ एकाच हंगामाचं असतं. जळणाचं लाकूड मात्र शेकडो वर्षं जुन्या झाडाचंही असू शकतं.

वाहिनीचा पट्टा संपतो तिथे खोदकामही थांबतं, मग घराचं रिंगण अर्धंच दिसलेलं असलं तरी. उरलेलं अर्धं शेजारच्या शेताखाली राहतं. त्याला धोका नाही, म्हणून ते उकरत नाहीत. उद्याच्या, अधिक चांगली साधनं असलेल्या अभ्यासकांसाठी ते तसंच ठेवतात.