भाऊबीज झाली की दोन दिवस

नमस्कार श्रोतेहो.

भाऊबीज आटोपते, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि शाळा उघडायला अजून चार-पाच दिवस असतात. गेल्या दिवाळीत त्यातले दोन दिवस माझी मैत्रीण आणि मी लोणारला घालवले. कॉलेजपासूनची मैत्रीण ती. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते आहे. दरवर्षी फळ्यावर एक गोल काढायचा, खाली ‘लोणार, जिल्हा बुलढाणा’ लिहायचं आणि पुढचा धडा घ्यायचा. ते ठिकाण तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ही खंत तिच्या मनात फार दिवस होती.

आमची पहिली यादी लांबलचक होती. वेरूळ, अजिंठा आणि जाता जाता लोणार. मग तीच म्हणाली, “अगं, दोन दिवसांत तीन ठिकाणं म्हणजे नुसता रस्ता बघायचा. आपण लोणारच नीट बघू.” जालन्याला उतरून एसटी धरली.

काठावर पोचेपर्यंत समोर काही आहे याची कल्पनाच येत नाही. सपाट रान, शेतं आणि एकदम पायाखाली तो प्रचंड वाडगा! व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, तळाशी हिरवट पाणी आणि सभोवती झाडी. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

आपला दख्खनचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर आकाशातून अशनी येऊन आदळली आणि हा खड्डा पडला. पूर्वी पुष्कळांना ते ज्वालामुखीचं मुख वाटायचं. 1970 च्या दशकात इथल्या खडकांत प्रचंड दाबानंच तयार होणारी काच सापडली, आणि आघाताची गोष्ट पक्की झाली. हे मला पायवाट उतरता उतरता तिच्याकडून कळलं. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाबरोबर प्रवास करावा, श्रोतेहो. ती माहिती देत नव्हती, एकेक दगड हातात घेऊन त्याच्याशी ओळख करून देत होती. आणि पाहून झाला की दगड पुन्हा जागच्या जागी ठेवत होती, कारण हे अभयारण्य आहे.

वर काठाजवळ गोमुखाची धार आहे, गोड्या पाण्याची, बारमाही. आणि खाली सरोवर खारं, शिवाय क्षारीय, म्हणजे चुन्याच्या निवळीच्या जातीचं. जवळ गेलं की उग्र वास येतो. कमळजादेवीच्या देवळाकडे जाताना मैत्रिणीनं पिशवीतून हळदीची पुडी काढली. टिपकागदावर ओली हळद आधीच चोळून वाळवून आणली होती तिनं! सरोवराच्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाकला, तर पिवळा कागद तिथल्या तिथे लाल. हळदीचं कुंकू होतं ते असंच, क्षारामुळे. तो कागद तिनं वहीत जपून ठेवला.

2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान मिळालं.

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. विष्णूनं लवणासुराला इथेच मारलं अशी कथा आहे. राक्षसाचं नावच मुळी लवण, म्हणजे मीठ! या पाण्याची चव ज्यांनी घेतली, त्यांनीच ही कथा रचली असणार, असं मला अगदी मनापासून वाटतं. देवळाच्या भिंतींवरचं कोरीवकाम अंधार पडेपर्यंत बघत राहिलो. घाई नव्हती ना.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा काठावर. खालून मोर ओरडत होते. मी विचारलं, “हे नक्की कधी घडलं गं?” ती म्हणाली, “एका पद्धतीनं काढलं तर 50 हजार वर्षांच्या आसपास, दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच लाखांच्या वर. मी वर्गात आजवर एकच आकडा सांगत आले. आता दोन्ही सांगेन.”

शाळा उघडली त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. फळ्यावर नेहमीचा गोल काढला होता म्हणे, आणि खाली नाव लिहिण्याआधी हळदीचा तो लाल कागद पहिल्या बाकावर दिला होता. तो शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर तास संपला.

नमस्कार.