मोजणीत आहेत, यादीत नाहीत

[दृश्य: ऑरेंज सिटी, मे महिना. लाकडी बूट घातलेली माणसं खराट्यानं रस्ता घासताहेत.]

परेड निघायच्या आधी रस्ता घासून धुवायचा, ही इथली रीत. ओल्या रस्त्यावर लाकडी बुटांचा आवाज ऐका.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली ही स्यू काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. १८७० मध्ये डच शेतकरी कुटुंबं इथे आली, हेन्री हॉस्पर्स त्यांचे पुढारी. ट्यूलिपचा हा उत्सव मात्र १९३६ पासूनचा.

[दृश्य: जुनं वर्तमानपत्र, अक्षरांवरून सरकणारा कॅमेरा.]

हॉस्पर्स यांनी १८७४ मध्ये ‘डे फोल्क्सफ्रिंट’ हे डच वर्तमानपत्र काढलं. ते १९५१ पर्यंत चाललं. म्हणजे इथे आलेल्यांच्या मुलानातवंडांच्या घरातही बातमी डच भाषेतून येत होती. १९१८ मध्ये, महायुद्ध चालू असताना, आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, आगगाडीत, फोनवर, चर्चमध्येसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. आयुष्यभर डचमधून प्रवचन ऐकलेल्या आजीआजोबांनाही ते लागू होतं.

[दृश्य: पहाट. डेअरीतलं दूध काढण्याचं दालन. फक्त हात.]

चेहरा दाखवणार नाही, असा शब्द आम्ही दिला होता. म्हणून हे हात पाहा. आधी सड औषधात बुडवायचे, मग फडक्यानं पुसायचे, मग यंत्राचे चार कप लावायचे. एक गाय झाली की पुढची. रेडिओवर स्पॅनिश गाणी लागलेली.

गोठ्यात वर्षाचे ३६५ दिवस दूध काढावं लागतं. शेतमजुरांसाठी अमेरिकेत जो तात्पुरता व्हिसा आहे, तो हंगामी कामाचा. पेरणीला आणि तोडणीला तो मिळतो. बारमाही गोठ्याला नाही. या कामासाठी तात्पुरत्या व्हिसावर रीतसर येण्याची वाटच कायद्यानं ठेवलेली नाही, आणि गायी तर रोज पिळायच्याच आहेत.

[दृश्य: याच काउंटीतलं स्यू सेंटर गाव, शाळा सुटते. मुलांचा घोळका.]

२०१० मध्ये या काउंटीत ३३,७०४ माणसं होती, २०२० मध्ये ३५,८७२. आयोवाच्या ९९ काउंट्यांपैकी बहुतेक त्याच दहा वर्षांत रोडावल्या, गावं म्हातारी झाली. ही वाढली. सुमारे दहात एक जण आता लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, घरातला. शाळेच्या या फाटकावर ती वाढ डोळ्यांनी दिसते.

जनगणना प्रत्येकाला मोजते, कागद असोत वा नसोत. मतदार यादीला मात्र नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड मिळालं तरी साधारण पाच वर्षं थांबायचं, फी भरायची, बोटांचे ठसे द्यायचे, मग अधिकाऱ्यासमोर इंग्रजी वाचून-लिहून दाखवायचं आणि इतिहास-नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा द्यायची. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या मराठी घरांना ही वाट पाहणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको. आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्डच नाही, त्यांच्यासाठी ही रांग सुरूही होत नाही.

२००२ मध्ये आयोवानं इंग्रजी ही राज्याची अधिकृत भाषा ठरवली; त्यासाठी झटणारे तेव्हाचे राज्य सिनेटर होते स्टीव्ह किंग. त्याच कायद्याच्या आधारे २००८ मध्ये एका न्यायालयानं मतदार नोंदणीचे इतर भाषांतले अर्ज थांबवायला लावले. डच वर्तमानपत्र ७७ वर्षं चालवलेल्या काउंटीत मला हे फार लागलं.

[दृश्य: ऑरेंज सिटीचं लाल दगडी कोर्ट. मतदानाची पाटी.]

निकालाचं थोडक्यात: २०१६ आणि २०२० च्या नोव्हेंबरात ट्रम्प यांना इथे ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. चुरस असते ती जूनमध्ये, रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत. याच काउंटीतल्या हल गावच्या रँडी फीन्स्ट्रा यांनी २०२० मध्ये, नऊ वेळा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेल्या त्याच स्टीव्ह किंग यांना तिथे हरवलं.

[दृश्य: मतदान केंद्र, सकाळी सात. पाठमोरी मुलगी.]

ही अठरा वर्षांची. जन्म स्यू सेंटरचा, म्हणून जन्मानंच नागरिक. आयोवात मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तिनं दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलंय. कर्मचारी बाई लायसन्सवरचं आडनाव वाचतात, अडखळतात. ती सावकाश उच्चारून सांगते. बाई पुन्हा म्हणून बघतात, आणि अर्ज पुढे सरकवतात.

तिची आई रात्रपाळी संपवून थेट आली आहे. ती बाहेर, गाडीत बसली आहे.

[निवेदन नाही. गाडीची काच, त्यामागे हात. केंद्राचं दार उघडतं.]